गोळीत औषध किती? उजेडाला विचारा!



दूध घालायला डेअरीवर गेले, की तिथला माणूस आपल्या तोंडाकडे बघत नाही, दुधाकडे बघतो. लॅक्टोमीटर बुडवतो, फॅट काढतो आणि त्या आकड्यावर दर ठरतो. भात विकायला नेले, की व्यापारी आधी ओलावा बघतो. आपण विकतो त्या मालाची अशी परीक्षा होते आणि आपण ती मुकाट्याने मान्य करतो.

मग आपण विकत घेतो त्या मालाचे काय? बियाण्याची उगवण आपण घरी बघू शकतो. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवले, की किती उगवले ते मोजता येते. युरियाची चिमूट तापल्या तव्यावर टाकली, की तो वितळतो की मागे चोथा राहतो ते कळते. पण रात्री लेकराला ताप भरला आणि आपण पाकिटातून एक पांढरी गोळी काढली, तर ती औषधाची आहे की खडूची, हे घरात कोण सांगणार? गोळी पांढरी, खडूही पांढरा आणि तांदळाचे पीठही पांढरेच. चव घेऊन बघावी, तर कडू म्हणजे औषध असा काही नियम नाही.

ही नुसती शंका नव्हे. नागपूर जिल्ह्यात सरकारी दवाखान्यांना पुरवलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या बनावट निघाल्या. त्या प्रकरणी पोलिसांनी २०२४ मध्ये आरोपपत्र दाखल केले. त्या गोळ्यांत औषधाऐवजी टाल्कम पावडर आणि स्टार्च होते, असे त्यात म्हटले आहे. प्रतिजैविक म्हणजे जखम चिघळली, छातीत कफ भरला, बाळंतिणीला ताप आला, की जंतू मारायला देतात ते औषध. त्या जागी अंगाला लावायची पावडर पोटात गेली, तर रोगी औषध घेतोय असे घरच्यांना वाटत राहते, आणि रोग आपला वाढत राहतो.

म्हणून आज ही पांढरी गोळी पारखतात कशी, ते बघू. त्यातही एका गोळीत दोन-दोन औषधे मिसळलेली असतील तर कोणते किती, हे कसे काढतात, तेही बघू. गणित सोपे आहे. कोंबड्या आणि शेळ्या मोजता आल्या म्हणजे झाले.

कोळगावच्या रस्त्यावर

पालघरहून बोईसरला जाताना कोळगाव लागते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. या जिल्ह्याचे मुख्यालय याच कोळगावात बांधले गेले आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्याचे उद्घाटन झाले. सातबाराच्या, दाखल्याच्या कामाला डहाणू-तलासरीपासून जव्हार-मोखाड्यापर्यंतची माणसे इथे येतात. तोच रस्ता पुढे बोईसरला जातो आणि तिथे तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. गोळ्यांत घालायचे मूळ औषध, म्हणजे कच्चा माल, बनवणारे कितीतरी कारखाने या वसाहतीत आहेत. आसपासच्या गावांतली, पालघरच्या दांडेकर कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेली मुले-मुली अशा कारखान्यांच्या प्रयोगशाळांत कामाला लागतात. घरी विचारले तर ‘क्यू. सी.त आहे’ एवढेच सांगतात. क्यू. सी. म्हणजे मालाची तपासणी. त्या तपासणीच्या खोलीत एक यंत्र हमखास असते. त्याचे नाव मोठे लांबलचक आहे, स्पेक्ट्रोफोटोमीटर. मराठीत वर्णपटमापक म्हणा. नाव मोठे असले तरी काम एकच, किती उजेड अडला ते मोजणे.

कोरा चहा आणि उजेडाचा रुपया

एका काचेच्या पेल्यात कोरा चहा घ्या आणि दिव्यासमोर धरा. समजा, निम्मा उजेड अडला आणि निम्मा पार गेला. आता त्याच्यामागे तसाच दुसरा पेला धरा. दुसऱ्या पेल्यापाशी निम्माच उजेड पोचला होता, त्याच्या निम्मा तो अडवतो. म्हणजे रुपयाचे आठ आणे झाले, आठ आण्यांचे चार आणे झाले. तिसरा पेला धरला की दोन आणे. पार आलेला उजेड असा घटत जातो, पण पेले मात्र एक, दोन, तीन असे सरळ वाढतात. दोन पेले ठेवण्याऐवजी एकाच पेल्यात दुप्पट कडक चहा घेतला, तरी हिशेब तोच.

यंत्र नेमके हेच करते. उजेड किती उरला त्यावरून ते जणू किती पेले आडवे आले ते मोजते. या मापाला शोषण म्हणतात. दहावा हिस्सा उजेड पार आला तर शोषण १, शंभरावा हिस्सा आला तर २, निम्मा आला तर सुमारे ०.३. औषध दुप्पट असेल तर शोषणही दुप्पट. फ्रान्सच्या बुगेर यांनी १७२९ मध्ये, लँबर्ट यांनी १७६० मध्ये आणि बिअर यांनी १८५२ मध्ये या नियमाचा एकेक धागा सोडवला. आज कॉलेजात तो बिअर-लँबर्टचा नियम म्हणून शिकवतात.

आता तुम्ही म्हणाल, चहाला रंग आहे, तापाची गोळी विरघळवली तर पाणी स्वच्छच दिसते, मग उजेड अडणार कसा? खरे आहे. पण इंद्रधनुष्यात जांभळ्या रंगाच्या पलीकडेही किरण असतात, ते आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना जंबुपार किंवा अतिनील किरण म्हणतात. उन्हात राबताना आपली कातडी रापते ती त्यांच्यामुळेच. तापावरचे नेहमीचे औषध, पॅरासिटामॉल, आपल्या डोळ्याला पाण्यासारखे दिसते, पण यातल्या एका किरणाला ते कोऱ्या चहासारखे काळे असते. प्रत्येक औषधाचे असे अडवायचे किरण ठरलेले असतात. किरण ओळखायला त्याची लांबी सांगतात, ती नॅनोमीटरमध्ये. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. साधी काच हे किरण पार जाऊ देत नाही, म्हणून औषधाचे पाणी ठेवायची इवलीशी चौकोनी नळी क्वार्ट्झची, म्हणजे गारेच्या जातीच्या दगडाची करतात. तिची आतली रुंदी बरोबर एक सेंटिमीटर.

अमेरिकेत अर्नोल्ड बेकमन यांच्या कंपनीने १९४१ मध्ये असे यंत्र बाजारात आणले. त्याआधी तेलातले ‘अ’ जीवनसत्त्व मोजायचे तर उंदरांना ते खाऊ घालून त्यांच्या वाढीकडे आठवडेच्या आठवडे बघत बसावे लागे. यंत्राने ते काम काही मिनिटांत होऊ लागले.

एका गोळीचा हिशेब

पॅरासिटामॉलच्या गोळीची परीक्षा कशी होते ते बघा. औषधकोशातून चालत आलेली ही रीत आहे. वीस गोळ्या वजन करून कुटतात. एका गोळीवर भरवसा ठेवत नाहीत, जसे भाताच्या गोणीत वरचेच दाणे बघून चालत नाही. त्या भुकटीतून, पाकिटावरच्या आकड्याप्रमाणे दीडशे मिलिग्रॅम औषध येईल, इतका भाग घेतात. तो सौम्य कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात विरघळवून दोनशे मिलिलिटर करतात आणि गाळतात. स्टार्च आणि टाल्क गाळणीवर राहतात. मग ते पाणी दहापट आणि पुन्हा दहापट पातळ करतात. शेवटी लिटरला अवघे साडेसात मिलिग्रॅम औषध उरते, म्हणजे तांदळाच्या एका दाण्याहूनही हलके. एवढ्यावरही यंत्र बोलते. २५७ नॅनोमीटरच्या किरणाला शोषण ०.५३६ आले, तर पाचशेची गोळी पाचशेची आहे.

समजा आले ०.४८. ०.४८ ला ०.५३६ ने भागा. साधारण ०.९० येते, म्हणजे गोळीत पाचशेऐवजी सुमारे ४४८ मिलिग्रॅमच आहे. कायद्याने शेकडा ९५ ते १०५ एवढीच सूट आहे, म्हणजे ४७५ ते ५२५ मिलिग्रॅम. ही गोळी नापास! आणि शोषण शून्याजवळ आले, तर गोळीत औषधच नाही.

गोळीत औषध आहे एवढ्याने भागत नाही, ते पोटात विरघळले पाहिजे. त्यासाठी अंगाच्या उष्णतेएवढ्या कोमट, ९०० मिलिलिटर द्रावणात गोळी ढवळतात आणि अर्ध्या तासाने त्याच यंत्राने किती विरघळले ते मोजतात. दगडासारखी घट्ट दाबलेली गोळी इथे पकडली जाते.

कोंबड्या, शेळ्या आणि खेकडा

आता मिश्रणाकडे येऊ. अंगदुखीवर पुष्कळदा एकाच गोळीत पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन अशी दोन औषधे असतात. दोन्ही पांढरी, दोन्ही एकत्र कुटलेली. कोणते किती, हे वेगळे न करता कसे सांगायचे?

आजोबा घालत ते कोडे आठवा. अंगणात कोंबड्या आणि शेळ्या आहेत. डोकी मोजली तर दहा, पाय मोजले तर अठ्ठावीस. कोंबड्या किती आणि शेळ्या किती? सगळ्याच कोंबड्या असत्या तर पाय वीस झाले असते. आठ पाय जास्त आहेत. प्रत्येक शेळी दोन पाय जास्त आणते, म्हणून शेळ्या चार आणि कोंबड्या सहा. अंगणात न जाता, एकही शेळी न बांधता उत्तर आले, कारण आपण दोन वेगवेगळ्या मोजण्या केल्या.

प्रयोगशाळेत हेच करतात. एका किरणाने मोजतात ती जणू डोकी, दुसऱ्या किरणाने मोजतात ते जणू पाय. एका किरणाला पॅरासिटामॉल जास्त अडवते, दुसऱ्याला आयबुप्रोफेनही बऱ्यापैकी अडवते. शुद्ध औषध घेऊन, कोणते औषध कोणत्या किरणाला किती अडवते, हे आधीच नोंदवलेले असते. दोन्ही औषधांची शोषणे मिश्रणात एकमेकांत मिळवली जातात, म्हणून दोन मोजण्या आणि दोन अज्ञात आकडे यांचे समीकरण सुटते. औषधे तीन असली तर तीन किरण. ही पद्धत स्वस्त आहे, वेळ कमी लागतो, म्हणून फार्मसीच्या कॉलेजांत विद्यार्थी वेगवेगळ्या जोडगोळ्यांसाठी अशा रीती बसवतात आणि पडताळून बघतात.

पण कोड्याला दोन अटी आहेत, त्या विसरू नका.

पहिली अट. अंगणात कोंबड्या आणि बदके असतील तर? दोघांनाही दोनच पाय. मग पाय मोजून काही कळणार नाही. तसे, दोन औषधे सगळ्या किरणांना सारख्याच प्रमाणात अडवत असतील, तर उजेडाने त्यांचा निवाडा होत नाही.

दुसरी अट अधिक महत्त्वाची. अंगणात बांधावरचा एक खेकडा शिरला असेल तर? खेकड्याचे आठ पाय आणि दोन नांग्या, सगळे धरून दहा. नऊ कोंबड्यांचे अठरा पाय आणि खेकड्याचे दहा, झाले अठ्ठावीस. डोकी नऊ आणि एक, झाली दहा. हिशेब जुळला! आपण म्हणणार सहा कोंबड्या आणि चार शेळ्या, आणि अंगणात शेळी एकही नाही. गणितात चूक नाही, चूक आहे ती ‘तिसरे कोणी नाही’ असे धरून चालण्यात.

म्हणून जाणता तपासनीस दोनच किरणांवर थांबत नाही. तो सगळे किरण एकामागून एक सोडून पूर्ण आलेख काढतो आणि शुद्ध औषधाच्या आलेखाशी ताडून बघतो. एखाद्या ठिकाणी रेषा नसती वर चढली, की तो ओळखतो, खेकडा शिरला आहे. मग तो मिश्रण एका बारीक नळीतून सोडतो. फाटक अरुंद असले की गुरे एकेक करून बाहेर पडतात, तशी औषधे एकामागून एक बाहेर येतात आणि त्यांची वेगवेगळी मोजणी होते. याला क्रोमॅटोग्राफी म्हणतात. त्या फाटकावर बसलेला राखणदारही पुष्कळदा हाच जंबुपार उजेड असतो.

उजेडालाही न दिसणारे विष

आणखी एक जात आहे, जिला ना डोके ना पाय. डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचे रसायन ग्लिसरीनसारखेच पातळ, गोडसर आणि पारदर्शक असते. ते या किरणांना अडवतच नाही, म्हणून या यंत्राला ते दिसत नाही. पण पोटात गेले की मूत्रपिंडे निकामी करते. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात उपचारासाठी ग्लिसरीन दिलेले १४ रोगी दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये हेच रसायन होते. चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. औषध खरेदी करण्यापासून ते तपासण्यापर्यंतच्या साऱ्या साखळीवर त्याने बोट ठेवले.

इतकी वर्षे गेली तरी हे थांबले नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक लहान मुलांचा जीव घेतला. त्यांतल्या कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. त्या औषधातही डायएथिलीन ग्लायकॉल सापडले, आणि तेही शेकडा ४८ हून जास्त. हे रसायन गॅस क्रोमॅटोग्राफीने पकडता येते. अर्थात यंत्र घेऊन भागत नाही, माल बाहेर पडण्यापूर्वी ती परीक्षा कोणीतरी करावी लागते. तारापूरला असो की आणखी कुठे, तपासणीच्या खोलीत बसलेल्या आपल्या मुला-मुलींनी हे मनावर कोरून ठेवावे. साहेबांनी ‘माल घाईचा आहे’ म्हटले तरी न केलेल्या परीक्षेचा आकडा कधी लिहू नये. त्या आकड्यावर कुठल्या तरी घरातले लेकरू झोपणार असते.

आपल्या हातात काय आहे?

पहिली गोष्ट, पावती. औषध घेताना बिल मागायला लाजू नका. दुकानदार ‘कशाला?’ म्हणाला तरी घ्या. बिलावर बॅच नंबर असतो. बनावट मालाचा माग तिथूनच लागतो.

दुसरी गोष्ट, पाकीट. गोळ्या कापून घेताना बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असलेला भाग तुमच्या तुकड्यावर आहे का बघा. नसेल तर त्या वहीत टिपून घ्या. १ ऑगस्ट २०२३ नंतर बनलेल्या, जास्त खपाच्या ३०० औषधांवर चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड छापणे सक्तीचे झाले आहे. घरातल्या शिकत्या पोराला मोबाइलवर तो वाचायला सांगा आणि नाव, बॅच, तारीख जुळते का बघा.

तिसरी गोष्ट, मिश्रण ओळखा. पाकिटावर एक नाव कंपनीने ठेवलेले असते, औषधाची खरी नावे वेगळी लिहिलेली असतात. तापाची एक गोळी, अंगदुखीची दुसरी आणि सर्दीची तिसरी घेतली आणि तिन्हीत पॅरासिटामॉल निघाले, तर नकळत तिप्पट औषध पोटात जाते आणि यकृताला इजा होते. सगळीच मिश्रणे शहाणपणाची असतात असेही नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ३२८, २०२३ मध्ये १४ आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये १५६ मिश्र औषधांवर बंदी घातली. २०२३ च्या यादीत निमेसुलाइड आणि पॅरासिटामॉल यांची विरघळणारी गोळीही होती. घरात जुने पाकीट पडून असेल तर औषधवाल्याला किंवा डॉक्टरांना दाखवा.

चौथी गोष्ट, साठवण. चांगली गोळीही चुलीजवळच्या फळीवर, पत्र्याखाली, नाहीतर पावसाळी ओलीत ठेवली तर खराब होते. कोरड्या डब्यात, सावलीत आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. कीटकनाशकाच्या बाटलीशेजारी औषध कधीच नको.

पाचवी आणि सर्वांत मोठी गोष्ट, तुमचा हक्क. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आहे. त्याच्या कलम २६ प्रमाणे औषध विकत घेणारा कोणीही माणूस ठरलेली फी भरून ते सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अर्ज नमुना १४-अ मध्ये करायचा असतो आणि अहवाल विश्लेषकाच्या सहीने मिळतो. हा हक्क डॉक्टरचा नाही, पुढाऱ्याचा नाही, विकत घेणाऱ्याचा आहे. एकट्याला फी जड वाटली तर बचत गटाने किंवा ग्राहक संघटनेने मिळून अर्ज करावा. शंका असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या विनाशुल्क क्रमांकावर कळवता येते. तिथून औषध निरीक्षक येऊन रीतसर नमुना घेऊ शकतो. तो नमुन्याचे सीलबंद भाग करतो. एक भाग दुकानदाराकडे राहतो, एक प्रयोगशाळेत जातो, एक कोर्टासाठी जपला जातो, म्हणजे मागाहून कोणी ‘तो माल माझा नव्हे’ म्हणू नये. म्हणून शंका आलेले पाकीट रागाने फेकू नका आणि फोडूही नका. बिलासह जपून ठेवा. रोग्याला मात्र अहवालाची वाट बघत घरी ठेवू नका, त्याला तडक दवाखान्यात न्या.

गुरांच्या औषधांनाही हाच कायदा लागू आहे, हे ध्यानात ठेवा. म्हशीला टोचलेल्या औषधाचाही बॅच नंबर आणि पावती जपावी.

डेअरीवर आपल्या दुधाची फॅट काढतात तेव्हा आपण तक्रार करत नाही, कारण माल चोख असावा हे आपल्याला पटलेले असते. तोच चोखपणा आपण औषधाच्या दुकानात मागितला, तर त्यात कोणाचा अपमान नाही. या आठवड्यात घरातला औषधाचा डबा उघडा, मुदत संपलेली पाकिटे वेगळी काढा आणि उरलेल्यांवरची बारीक अक्षरे घरातल्या शाळकरी मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. कोणत्या गोळीत कोणते औषध आहे, ते एकदा सगळ्या घराला कळू द्या.